बारा वर्षांचा ब्रुनो आणि तुमच्या डब्यातली गोळी

जुळे सोलापुरातल्या एका काकूंचा प्रश्न आला आहे. त्यांचा लॅब्रॅडॉर ब्रुनो १२ वर्षांचा, वजन ३८ किलो. दोन-तीन महिन्यांपासून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय साथ देत नाहीत. फरशीवर घसरतो, दारातल्या तीन पायऱ्यांशी थांबून नुसता बघत राहतो. रडत मात्र नाही. मागच्या महिन्यात ओळखीच्या एकाने घरी येऊन इंजेक्शन दिलं. चार दिवस पिल्लासारखा पळाला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. काकूंना स्वतःला गुडघेदुखीची गोळी चालू आहे, ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. ती अर्धी करून ब्रुनोला द्यावी का, असं त्या विचारतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, वय झालंय, कशाला हाल करता, झोपवून टाका. आणि उन्हाळा तोंडावर आलाय.

काकू, आधी गोळीचं सांगते. देऊ नका. अर्धी नको, पाव नको, दुधातून नको, ‘आजच्या रात्रीपुरती’ म्हणूनही नको.

मी २२ वर्षं सोलापुरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे. म्हातारपणाने गेलेली कुत्री पाहिली, तशी माणसांच्या दुखण्याच्या गोळीने गेलेलीही पाहिली. त्यातली प्रत्येक गोळी कुणीतरी मायेनेच दिलेली होती. एका मे महिन्यात एक आजोबा आपला पांढरा स्पिट्झ टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. कंबर धरली म्हणून तीन दिवस स्वतःची अर्धी गोळी भाकरीत घालून देत होते. चौथ्या दिवशी शी डांबरासारखी काळी झाली, पाचव्या दिवशी उलटीत रक्त. माझ्याकडे आला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक होत्या आणि किडनीने काम सोडलं होतं. पाच दिवस सलाईन लावलं. वाचला नाही. आजोबा मला एकच विचारत राहिले, ‘मला चालते तर त्याला का नाही?’

त्यांना दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. ज्या रसायनांमुळे सूज येते आणि दुखतं, त्यांच्याच भावकीतली रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे रक्त पोचतं ठेवतात. दुखण्याची गोळी दोघांवर घाव घालते. माणसाला त्यातून सावरायला जो अवकाश मिळतो, तो कुत्र्याला फार कमी मिळतो, कारण अशी पुष्कळ औषधं त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. नॅप्रोक्सेनचं उदाहरण घ्या. माणसाच्या रक्तातलं निम्मं औषध साधारण अर्ध्या दिवसात उतरतं. कुत्र्याच्या रक्तातलं निम्मं उतरायला तीन दिवस लागतात. म्हणजे रोज एक दिली तर पहिली उतरायच्या आत तिसरी-चौथी वर येऊन बसते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी घरातल्या कुत्र्यासाठी बाद समजा. दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेलसुद्धा, कारण तो ते चाटतोच. गंधपुऱ्याच्या तेलाचा झणझणीत बामही त्यातच आला. आणि घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची पट्टी तिच्यापासून लांब ठेवा. एका गोळीने मांजर दगावतं.

डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणून सांगते. २००६ मध्ये आपल्या देशात हे औषध जनावरांसाठी बंद झालं, ते गिधाडांमुळे. औषध टोचलेली गाय-म्हैस मेली की तिचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती, आणि नव्वदच्या दशकात त्यांची संख्या अक्षरशः कोसळली. तुमच्या गोळीतलं ॲसिक्लोफेनॅक गाई-म्हशींच्या शरीरात गेलं की त्याचंच डायक्लोफेनॅक होतं, म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद केलं. औषध तेच असलं तरी कुणाच्या अंगात जातं त्यावर ते औषध की विष हे ठरतं.

आता त्या इंजेक्शनचं. चार दिवस पिल्लासारखा पळाला आणि नंतर पुन्हा बसला, हे ऐकून माझा पहिला संशय स्टेरॉइडवर जातो. स्टेरॉइड वाईट औषध नाही, माझ्याही कपाटात असतं. पण ते दिलं होतं की नाही हे माहीत नसताना वर दुखण्याची गोळी दिली, तर दोन्ही मिळून जठराला भोक पाडू शकतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका डॉबरमनला मी नियमाप्रमाणे, मोजून, कुत्र्याचंच औषध दिलं. दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे त्याला स्टेरॉइड टोचलंय, हे मालकांना सांगायचं सुचलं नाही आणि मी विचारलं नाही. तो रक्त ओकला. आठवडाभर झुंजून वाचला, पण त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: गेल्या दोन महिन्यांत काय काय टोचलं, काय काय खाऊ घातलं? तेव्हा ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना फोन करून औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. रिकामी बाटली सापडली तर तिचा फोटो काढा. काही स्टेरॉइडं आठवड्यात उतरतात, काही कित्येक आठवडे अंगात राहतात. त्यावर ब्रुनोची पुढची गोळी कधी सुरू करायची ते ठरेल.

‘रडत मात्र नाही’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडं थांबते. सोलापुरातल्या दहापैकी आठ घरांत मला हेच वाक्य ऐकू येतं. कुत्रं रडतं ते शेपटीवर पाय पडल्यावर, चावा बसल्यावर, म्हणजे अचानक दुखल्यावर. रोजचं, मुरलेलं दुखणं ते गिळतं. ते दिसतं दुसरीकडे: दारावरची बेल वाजली तरी उठून न जाण्यात, बसताना धपकन बसण्यात, पुढच्या पायांनी अंग ओढून उठण्यात, एकच मनगट किंवा गुडघा चाटून चाटून केस तांबूस करण्यात, रात्री गारवा असतानाही धापा टाकत जागा बदलत राहण्यात. आयुष्यभर गरीब असलेलं कुत्रं नातवाने मिठी मारल्यावर गुरगुरलं, तर ते म्हातारपणी वेडं झालं असं समजू नका. मिठी दुखऱ्या जागी बसली असेल. पायऱ्यांशी थांबून बघत राहणं हे ब्रुनोचं सांगणंच आहे.

एक काम आजपासून करा. सकाळी तो पहिल्यांदा उठतो तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढा, हाक मारण्यापूर्वीपासून ते दहा पावलं चालेपर्यंत. दवाखान्यात आलं की नव्या वासांनी आणि भीतीने कुत्र्याच्या अंगात असं काही संचारतं की लंगडणारा सरळ चालून दाखवतो. तुमचा एक मिनिटाचा व्हिडिओ माझ्या दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा जास्त बोलतो. जमलं तर दर रविवारी एक काढून ठेवा. महिन्याभराने औषध लागू पडतंय की नाही, यावर घरात वाद घालावा लागणार नाही.

आता लंगडण्यामागे काय असू शकतं. सांध्यांची झीज असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, लॅब्रॅडॉरच्या खुब्यात आणि कोपरात ती ठरलेलीच. पण ‘वय झालं’ हे निदान नव्हे, आणि आपल्या भागात झिजेवर शिक्का मारण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे: गोचीड ताप. तपकिरी गोचीड आपल्याकडे वर्षभर असते. भिंतीच्या भेगांत, कुंड्यांखाली, सोफ्याच्या मागे राहते. तिच्यातून येणारा एर्लिकिया नावाचा जंतू सांधे सुजवतो, कुत्रं जागचं हलेनासं होतं, ताप दरवेळी असतोच असं नाही. मुख्य म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट तो उतरवतो. प्लेटलेट कमी झालेल्या कुत्र्याला दुखण्याची गोळी दिली तर रक्तस्राव व्हायला निमित्तच मिळतं. पोटाच्या उघड्या कातडीवर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी या. यावर डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स असतो, आणि ‘म्हातारपणामुळे बसला’ म्हणून सोडून दिलेली कुत्री त्या कोर्सनंतर दारापर्यंत धावत आलेली मी पाहिली आहेत.

दुसरं, ब्रुनोच्या भुंकण्याचा आवाज बदललाय का ते आठवून बघा. घोगरा, बसका झालाय का? पाणी पिताना ठसका लागतो का? म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये मागचे पाय लुळे पडणं आणि आवाज बसणं ही कधी कधी एकाच आजाराची दोन टोकं असतात. नसा हळूहळू दुबळ्या होतात आणि स्वरयंत्र नीट उघडत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. ज्याचं स्वरयंत्र अर्धंच उघडतं त्याला आपल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत दुपारची पाच मिनिटंसुद्धा जिवावर बेतू शकतात. आवाज बदलला असेल तर गळ्यातला पट्टा आजच काढून छातीचा पट्टा आणा.

बाकीचं भराभर सांगते. पंजा उलटा पडत असेल, नखं रस्त्यावर घासून पुढून झिजली असतील, तर दुखणं मणक्यात किंवा नसांत आहे. एकच मागचा पाय अचानक उचलून धरला तर गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला असू शकतो. जाड लॅब्रॅडॉरमध्ये हे नेहमीचं. मनगटाच्या वर किंवा गुडघ्याजवळ कडक गाठ आणि आठवड्यागणिक वाढणारं लंगडणं असेल तर हाडाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते, एक्स-रे लांबवू नका. आणि एका रात्रीत दोन्ही मागचे पाय गेले, किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट बघायची नाही.

म्हणून औषधाआधी तपासण्या. रक्ताची पूर्ण मोजणी प्लेटलेटसकट, क्रिएटिनिन आणि युरिया, लिव्हरचे आकडे, लघवी, आणि खुब्या-कमरेचा एक्स-रे. एक्स-रे बघून घाबरू नका. फोटोत भयंकर झीज दिसणारी काही कुत्री मजेत चालतात आणि किरकोळ झिजेची काही बसून असतात. आपण इलाज फोटोवर करत नाही, ब्रुनोवर करतो. लघवी सकाळची पहिली हवी. तो पाय वर करायच्या बेतात असताना कालवणाची जुनी पळी उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून हळूच खाली धरायची. दोन चमचे मिळाली तरी पुरते. या लघवीचा दाटपणा मला त्याच्या किडनीबद्दल रक्ताच्याही आधी सांगतो, कारण क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंच काम गेलेलं असतं.

रिपोर्ट चांगले आले तर सूज आणि दुखणं कमी करणारं, कुत्र्यांसाठी तपासलेलं औषध सुरू करता येतं: मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब. यांतलं एका वेळी एकच. मेलॉक्सिकॅम माणसांच्या दुकानातही मिळतं, म्हणून लोक तिथेच जातात. हिशेब बघा. कुत्र्याला रोज चालणारी मात्रा साधारण किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ३८ किलोच्या ब्रुनोला चारच्या आत. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. मोठी गोळी दिली तर चौपट झाली. शेजारच्या दहा किलोच्या स्पिट्झला तीच दिली तर पंधरापट. हा आकडा घरी गोळी मोडून देण्यासाठी सांगत नाही, कुत्र्यांचं पातळ औषध वजनाच्या खुणा असलेल्या सिरिंजने का देतात ते कळावं म्हणून सांगते. ब्रुनोचं वजन उतरलं की ही मात्राही उतरवायची.

औषध नेहमी जेवणावर द्यायचं. उलटी, जुलाब, जेवणावर वासना नसणं, काळी शी, किंवा एकाएकी पाणी आणि लघवी वाढणं, यांतलं काहीही दिसलं की त्या दिवसाची मात्रा बंद आणि मला फोन. ‘एवढी एक बाटली संपवू’ असं करायचं नाही. दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं, पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी. लोक पहिल्यांदा हौसेने येतात, दुसऱ्यांदा ‘आता बरा आहे की’ म्हणून येत नाहीत. बरा असतानाच बघायचं असतं.

आणि पाणी. मला सोलापुरात सगळ्यात जास्त भीती याची वाटते. ही औषधं अंगात पाणी असलेल्या कुत्र्याच्या किडनीला सहसा झेपतात, सुकलेल्या कुत्र्याच्या किडनीला झेपत नाहीत. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, घरात पाणी जपून वापरायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे, आणि कुत्र्याचं भांडंही त्या जपण्यात सापडतं. त्यातून सांधे दुखणारं कुत्रं मुळात भांड्यापर्यंत उठून जायचा कंटाळा करतं. म्हणजे उन्हाळा, कमी पाणी, त्यात रोजची गोळी. ब्रुनोला दिवसाला साधारण दोन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक भांडं ओसरीत, एक तो झोपतो तिथे, एक स्वयंपाकघराच्या दारात, असं ठेवा. मातीचं पसरट भांडं सगळ्यात चांगलं, पाणी गार राहतं. आठवड्यातून एक दिवस मापून घाला आणि संध्याकाळी उरलेलं मोजा. पावणेचार-चार लिटरच्या वर जायला लागला तर तेही मला सांगा, ते उन्हाचं नसून किडनीचं, साखरेचं किंवा दुसरं काही असू शकतं. ज्या दिवशी तो नीट प्यायला-जेवला नाही, त्या दिवशी दुखण्याच्या औषधाला सुट्टी. हा एक नियम फ्रिजवर लिहून चिकटवा.

किडनी आधीच थकलेली निघाली तर? तरीही हात टेकायचे नाहीत. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन आहे. सुरुवातीचे दोन-तीन दिवस कुत्रं झिंगल्यासारखं वाटतं, मग सरावतं. किडनीप्रमाणे त्याची मात्रा कमी ठेवतो. ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवायचं. फक्त माणसांच्या दुकानातून आणताना त्यात नॉरट्रिप्टिलीनसारखं दुसरं काही मिसळलेलं नाही ना, ते पट्टीवर वाचा. पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल नावाची साखर नको, कुत्र्याला ती घातक आहे. ट्रॅमाडॉलबद्दल बरेच जण विचारतात. पोटातून दिलेल्या ट्रॅमाडॉलपासून कुत्र्याच्या शरीरात खरं वेदनाशामक द्रव्य फारच थोडं तयार होतं, त्यामुळे सांधेदुखीत मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

हळद, मेथी, तेल-मालीश याविषयी मन मोकळं करते. हळदीने अपाय होत नाही, पण ब्रुनोच्या खुब्यापर्यंत पोचेल एवढी ती रक्तात उतरतही नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला मात्र चांगला आधार आहे, मात्रा वजनावर ठरवून देईन. कॉड लिव्हर ऑइल त्याऐवजी आणू नका, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. ग्लुकोसामाइनवर पैसे घालण्याआधी ते पैसे रक्ततपासणीला ठेवा. थंडीत कोमट पाण्याच्या पिशवीने दहा मिनिटं शेक द्या, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघून.

सगळ्यात ताकदीचं औषध कुठल्याच दुकानात नाही. ब्रुनोचं वजन. त्याच्या बांध्याच्या लॅब्रॅडॉरला ३० किलो पुरे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चौथा हिस्सा कमी खायला घातलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. आता सुरुवात करूनही उपयोग होतो. अंगावरचे दोन-अडीच किलो उतरले तरी लंगडणं डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. आठवड्याला ३०० ते ५०० ग्रॅम, यापेक्षा घाई नको.

मला माहीत आहे वजन कशाने वाढलं. सकाळच्या चहाबरोबर त्याची बिस्किटं. एका ग्लुकोज बिस्किटाच्या वीस-पंचवीस कॅलरी, काका चार देतात, तुम्ही दोन, नातू आला की मोजणीच नाही. ३० किलोवर आणायच्या कुत्र्याला दिवसभरात साधारण नऊशे कॅलरी पुरतात. पाहुणचारातच दोनशे गेल्या तर ताटात काय घालणार? बिस्किटं बंद करा आणि काकांच्या हातात काकडीचे, गाजराचे तुकडे द्या. देण्याचा आनंद तोच राहतो आणि ब्रुनोलाही देणारा हात हवा असतो, बिस्किट नव्हे. ज्वारीची भाकरी चालेल, पण मोजून. तूप नको. शेंगाचटणीचं बोट कितीही लाडाने पुढे केलं तरी नको, तिच्यात लसूण, मीठ आणि तेल, तिन्ही त्याला वर्ज्य. दर पंधरा दिवसांनी वजन करा. दवाखान्यात येणं जमत नसेल तर किराणा होलसेलवाल्याच्या किंवा भुसाराच्या मोठ्या काट्यावर उभं करा, कुणी नाही म्हणत नाही.

मग फरशी. तुमच्या घरात गुळगुळीत टाइल्स असणार. रोज सकाळी त्या टाइलवर मागचे पाय फाकून उठताना सांध्यांना जो हिसका बसतो, तो कुठल्याही गोळीने भरून येत नाही. सोलापुरी चादर टाकाल, पण नुसती चादर टाइलवर सरकते आणि तो चादरीसकट घसरतो. चादरीखाली रबरी जाळी घाला, किंवा सरळ गोणपाट एकमेकांना शिवून त्याच्या वाटेवर अंथरा: झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत. दिसायला बरं नाही, पण नखं रुततात. नखं वेळेवर कापा, पंजातले वाढलेले केसही. तीन पायऱ्यांवर जाड प्लायवूडची उतरण करा, वर गोणपाट ठोका. पहिले दोन-चार दिवस तो तिच्याकडे संशयाने बघेल, घाई करू नका.

आणि टॉवेल. आपल्या गावात चांगल्या टर्किश टॉवेलला काय कमी? मोठा, जाड घ्या, लांबीत दोन घड्या घाला. ब्रुनो उठायच्या बेतात असेल तेव्हा त्याच्या पोटाखालून, अगदी मागच्या मांड्यांच्या पुढे, सरकवा. दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा. नर आहे, तेव्हा लघवीची जागा दाबली जाणार नाही एवढं बघा. आता उचलायचं नाही, फक्त ओझं थोडं हलकं करायचं, तोल त्याचा त्यालाच सावरू द्यायचा. तुमचेही गुडघे दुखतात, म्हणून कंबरेत वाकू नका. काकांना एका बाजूला घ्या. दोन-तीन दिवसांत ब्रुनो टॉवेल दिसला की स्वतः उभा राहायची तयारी करेल.

चालणं बंद करू नका. सांधा चालता ठेवला तरच चालतो. एकदा तास-दीड तास नेण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, सकाळी ऊन तापायच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर. आपला उलटा तळहात डांबरावर सात सेकंद ठेवता आला नाही, तर त्याचे पंजेही तिथे नकोत. पोहणं सांध्यांना उत्तम, हे वाचून कुणी शेतावरच्या शेततळ्यात उतरवू नका. प्लास्टिकच्या अस्तरावरून धडधाकट कुत्र्यालाही बाहेर येता येत नाही, ब्रुनोला तर नाहीच.

राहिलं मुलाचं म्हणणं. त्याला दोष देत नाही. लांबून, फोनवर हाल ऐकले की असंच वाटतं. ‘झोपवणं’ कधी कधी खरोखर दयाच असते आणि वेळ आली तर मी स्वतः तुम्हाला तसं सांगेन. पण ज्याच्या दुखण्यावर अजून एकही नीट इलाज झालेला नाही, त्याच्याबद्दल हे ठरवायची वेळ ही नव्हे. कॅलेंडर घ्या. ज्या दिवशी तो जेवला, शेपटी हलवली, आपणहून तुमच्याजवळ येऊन बसला, त्या तारखेला हिरवी खूण. ज्या दिवशी यांतलं काही नाही, त्या दिवशी लाल. उपचार नीट चालू असतानाही लाल खुणा हिरव्यांच्या पुढे जायला लागल्या, उठता न आल्याने तो स्वतःच्या लघवीत पडून राहायला लागला, की मुलाला बोलावून घ्या, आपण एकत्र बसू. आज मुलाला ब्रुनोचा सकाळचा व्हिडिओ पाठवा आणि दोन महिन्यांनी काढलेला दुसरा.

दवाखान्यात येताना सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत. रिक्षात चढवताना एक हात त्याच्या छातीच्या पुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून, पोट मोकळं ठेवून दोघांनी मिळून उचला, काखेत हात घालून ओढू नका. सोबत व्हिडिओ, इंजेक्शनचं नाव आणि तारीख, लघवीची बाटली, आणि तुमच्या गोळ्यांची ती पट्टीसुद्धा आणा. कुणी आधीच त्यातली एखादी दिली असेल तर रागावणार नाही, पण कधी आणि किती ते मला कळलंच पाहिजे. आणि येण्याआधी कधी अशी गोळी पोटात गेलीच, तर मीठ-पाणी पाजून ओकवायच्या भानगडीत पडू नका. वेळ बघा, पट्टीवर किती रिकामी आहेत ते मोजा आणि तसेच निघा. पहिल्या एक-दोन तासांत आला तर ती गोळी पोटातून सुखरूप बाहेर काढता येण्याची शक्यता चांगली असते.